ढोलीतली बाळंतीण



गटाच्या बैठकीत हप्ता, व्याज, मसाल्याची ऑर्डर आणि बँकेत कुणी जायचं, यापलीकडे विषय सहसा जात नाही. आज आम्ही एका पाखराविषयी बोलणार आहोत. हे पाखरू आपल्याच रानात राहतं. त्याचं घर राहणार की जाणार, हे बरेचदा आपल्यातल्या कुणाच्या तरी सहीवर ठरतं. कसं, ते पुढे येईलच.

पाखराचं पुस्तकातलं नाव महाधनेश. आमच्या दोडामार्ग-सावंतवाडी भागात मात्र पुष्कळ जण त्याला गरुडच म्हणतात. नाव घ्यायला हरकत नाही, पण खरा गरुड वेगळा. तो शिकारी, वाकड्या चोचीचा. धनेश मुख्यतः फळांवर जगणारा. महाधनेशाहून जरा लहान, काळा-पांढरा, कधी कधी माडाच्या बागेवरूनही उडत जाणारा तो ककणेर, म्हणजे मलबारी कवड्या धनेश. शिवाय राखाडी रंगाचे दोन धाकटे भाऊ आहेत. सह्याद्रीत मिळून धनेश चार प्रकारचे, सगळ्या भारतात नऊ. त्यात महाधनेश थोरला.

थोरला म्हणजे केवढा? चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत तीन ते चार फूट. पंख पसरले की पाच फूट. वजन दोन ते चार किलो. अंग काळं, मान आणि शेपटी पांढरी, शेपटीवर एक रुंद काळा पट्टा, पंखांवरही पांढरे पट्टे. आणि चोच! हातभर नाही म्हणणार, पण वीतभर तरी नक्की. पिवळी-नारिंगी, खाली वाकलेली. चोचीवर आणखी एक पिवळं शिंग बसवल्यासारखं असतं. एवढं ओझं पाखरू डोक्यावर वागवतं कसं, असं पहिल्यांदा बघणाऱ्या प्रत्येकीला वाटतं. पण ते शिंग आतून बरंचसं पोकळ आणि हलकं असतं. शिवाय धनेशाच्या मानेचे पहिले दोन मणके एकमेकांना जुळलेले असतात, त्यामुळे चोचीचा भार मानेला पेलतो. डोक्यावर दोन हंडे घेऊन चढण चढणारीला हे वेगळं समजावून सांगायला नको.

नर-मादी ओळखायची खूण सोपी आहे. डोळ्यांत बघा. नराचे डोळे लाल, मादीचे पांढरट. नराच्या शिंगाला पुढे-मागे काळा रंगही असतो. पापण्यांना दोघांच्याही छान लांब केस दिसतात, ती खरं तर बारीक पिसंच असतात.

आता गंमत सांगतो. मानेवरचा आणि पंखांच्या पट्ट्यांवरचा पिवळा रंग पिसांचा नाही, तो लावलेला असतो. शेपटीच्या मुळाशी एक तेलाची ग्रंथी असते. पाखरू चोच आणि डोकं तिच्यावर घासतं, मग ते पिवळं तेल पिसांना लावतं. चोचीची हळदीसारखी झळाळीही बरीचशी त्याचीच. म्हणजे रोज अंगाला हळद लावणारं पाखरू आहे हे, आणि हळदीला नवरा-नवरी दोघंही!

महाधनेश दिसायच्या आधी ऐकू येतो. पंखांच्या मोठ्या पिसांची मुळं इतर पाखरांसारखी खालून झाकलेली नसतात, त्यामुळे पिसांमधून वारा जोरात घुसतो आणि घुस्स-घुस्स असा आवाज होतो. जुने लोक त्याला वाफेच्या इंजिनाची उपमा देतात. लाकडाला गेलेल्या बायकांनी हा आवाज पुष्कळदा ऐकलेला असतो. त्या मान वर करतात तोवर जोडी दरीपलीकडे गेलेली असते.

खाणं उंबर, वड, पिंपळ, नांद्रुक यांची फळं. ही झाडं धनेशाला फार सोयीची, कारण यातली सगळी एकाच महिन्यात फळत नाहीत. एक संपलं की दुसरं कुठे तरी पिकलेलं असतं. जीभ आखूड असल्यामुळे चोचीच्या टोकात धरलेलं फळ आत ओढता येत नाही. म्हणून तो फळ वर उडवतो आणि घशात झेलतो. पाणी वेगळं पिताना तो क्वचितच दिसतो, फळांतल्या रसावर त्याचं भागतं. अधूनमधून सरडे, किडे, लहानसा साप, दुसऱ्या पाखराची पिल्लंही तो खातो. देवळातल्या चित्रातल्यासारखा निव्वळ शाकाहारी समजू नका.

पण आम्हाला ज्यासाठी हा विषय घ्यावासा वाटला, ती गोष्ट आहे त्याच्या बाळंतपणाची.

जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास जोडी जुन्या उंच झाडातली ढोली शोधते. बेहडा, सातवीण, रानआंबा अशा झाडांत. मादी आत शिरते आणि आतून तोंड बंद करायला घेते. सामान काय, तर स्वतःची विष्ठा आणि खाल्लेल्या फळांचा चोथा. चोचीच्या बाजूने थापटून थापटून ती लिंपण करते. आपण शेणाने भिंत सारवतो तसंच, हात नाहीत एवढाच फरक. हे काम काही दिवस चालतं. वाळलं की ते इतकं कडक होतं की माकड, घोरपड सहजी फोडू शकत नाही. मधे एक उभी फट राहते, चोचीचं टोक बाहेर येईल एवढी.

या फटीतून पुढचे तीन-चार महिने सगळा संसार चालतो. आत मादी एक किंवा दोन अंडी घालते आणि अडतीस-चाळीस दिवस उबवते. कोंडून घेतल्यावर ती आपल्या पंखांची आणि शेपटीची मोठी पिसं गाळते. नवी पिसं आतच येतात. तोवर तिला उडता येत नाही. बाहेरून नर फळं आणतो. एकेक फळ आणत बसला तर दिवस पुरायचा नाही, म्हणून तो गळ्यात भरून आणतो, झाडावर बसतो, एकेक फळ वर काढतो आणि फटीतून तिच्या चोचीत देतो. पिल्लू झालं की फळांबरोबर सरडे-किडेही येऊ लागतात. वाढत्या पोराला ताकद लागते, हे त्यालाही कळतं.

आणि स्वच्छता बघा. ढोलीत घाण होऊ नये म्हणून मादी फटीकडे पाठ करून विष्ठा बाहेर फेकते. फळांच्या बियाही बाहेर टाकते. पिल्लूही पुढे तेच शिकतं. चार महिने बंद खोलीत राहूनही घर नीट.

पिल्लू साधारण अर्धं वाढलं की आई लिंपण फोडून बाहेर येते, कारण आता एकट्या नराने आणलेलं पुरत नाही. आणि पिल्लू काय करतं? आतून पुन्हा फट लिंपून घेतं! मग दोघंही भरवतात. एप्रिल-मेमध्ये, पावसाच्या आधी, पिल्लू बाहेर पडतं. बहुतेक वेळा एकच. वर्षाला एका जोडीमागे एक पिल्लू, तेही सगळं सुरळीत झालं तर. त्या पिल्लाचं शिंग पुरतं वाढायला पुढे पाचेक वर्षं लागतात.

ही माहिती गटात सांगितली की दोन प्रकारची बोलणी हटकून होतात. काही जणी म्हणतात, बघा नवरा कसा असावा! काही जणी चिडतात: नवऱ्याने बाईला कोंडून ठेवायचं आणि त्याचं कौतुक करायचं? दोन्हींवर आमचं मत सांगतो. नर तिला कोंडत नाही. भिंत ती घालते, आतून, आणि वेळ आली की तीच फोडते. तेव्हा तुरुंग म्हणू नये, ती तिची बाळंतिणीची खोली आहे. आणि नराला आदर्श नवरा ठरवायचीही गरज नाही. पाखराला पाखरू राहू द्यावं. पण एक मात्र खरं, त्या तीन-चार महिन्यांत नर मेला तर आत बसलेल्या जिवांवर मोठं संकट येतं. मादीची पिसं गळलेली असताना तर ती भिंत फोडूनही जाणार कुठे? कुणी शिकाऱ्याने एक नर पाडला की एकच पाखरू गेलं असं होत नाही, घर जातं.

आता ढोलीविषयी. सुतारपक्षी चोचीने लाकूड कोरतो. धनेशाला एवढी मोठी चोच असून कोरता येत नाही. त्याला आयती ढोली लागते. ती कशी होते? जुन्या झाडाची मोठी फांदी मोडते, त्या जागी पाणी मुरतं, बुरशी लागते, लाकूड आतून कुजत जातं. तीन-चार किलोचं पाखरू पिल्लासकट राहील एवढी पोकळी व्हायला कित्येक दशकं जातात, आणि त्यासाठी आधी झाडच तेवढं जाड असावं लागतं. आज लावलेल्या रोपात आपल्या नातवंडांच्या काळातही अशी ढोली होईल की नाही, सांगता येत नाही. आणि जोडी शक्यतो वर्षानुवर्षं तीच ढोली वापरते.

इथेच आपला संबंध येतो. रानात कुठलं झाड पहिलं तोडलं जातं? पोकळ. "तां झाड पोकळ आसा, काय कामाचां?" हे वाक्य आम्ही वाडीवाडीत ऐकलं आहे. फळ्या निघत नाहीत, म्हणून जळणाला टाकायचं. माणसाच्या हिशेबात जे झाड सगळ्यात बिनकामाचं, तेच धनेशाचं घर.

आपल्या कोकणात रानाचा बराच मोठा भाग खाजगी मालकीचा आहे. दिवाळीनंतर व्यापारी येतात आणि रान तोडायला घेतात. पोराच्या फीसाठी, लग्नासाठी, घराच्या दुरुस्तीसाठी माणूस रान देतो, त्याला नावं ठेवण्याचा आमचा हेतू अजिबात नाही. गरज कुणाला चुकली आहे? पण तोड चालते ती नेमकी दिवाळीपासून मेपर्यंत. आणि धनेशाची मादी जानेवारीपासून मेपर्यंत ढोलीत, पिसं गळलेली. झाड पडलं तर उडूनही जाता येत नाही.

सातबारा सामायिक असतो, हे तुम्हाला माहीत आहे. सासऱ्यांच्या पश्चात सुना-मुलींची नावं लागतात. रान देताना सगळ्यांच्या संमतीच्या सह्या घेतात. म्हणजे कागद आपल्यापुढे येतो. बहुतेक वेळा "इथे सही कर" एवढंच बोलणं होतं. सही करायच्या आधी आपण दोन गोष्टी विचारू शकतो. कुठली झाडं जाणार? आणि ढोलीचं झाड, वडा-उंबराची झाडं बाजूला ठेवता येतील का? व्यवहार मोडायचा नाही, चार-पाच झाडं वगळायची. पोकळ झाडाला व्यापारी पैसे फारसे देतही नाही, त्यामुळे घराचं नुकसान थोडं. वगळलेल्या झाडांची नावं आणि जागा कागदावर लिहून घ्याव्यात, तोंडी बोलण्यावर राहू नये. आमच्या एका गटातल्या दोन जावांनी असं करून एक बेहडा आणि दोन वड राखले. घरात दोन दिवस कुरबूर झाली, मग विषय मिटला.

रानातलं कुठलं झाड पोकळ आहे हे पुरुषांपेक्षा बायकांना जास्त माहीत असतं, असा आमचा अनुभव आहे. जळण, शेवळं, कुड्याच्या शेंगा, आळंबी यासाठी आपण रान पायाखाली घातलेलं असतं. एका बैठकीत आम्ही नुसतं विचारलं की ढोलीची झाडं कुठे कुठे आहेत, तर तासाभरात कागद भरला. देवराईतली, व्हाळाजवळची, कुणाच्या काजूच्या बागेमागची. देवराई राखणाऱ्या आधीच्या पिढ्यांना धनेशाची जीवनकथा ठाऊक होती की नाही कोण जाणे, पण देवाचं झाड म्हणून त्यांनी कुऱ्हाड लावली नाही आणि ढोल्या टिकल्या.

धनेश रानाला काय देतो, तेही बघायला हवं. तो फळ अख्खं गिळतो, गर पचवतो, आणि बी ओकून किंवा विष्ठेतून दूर कुठे तरी टाकतो. बी सहसा फुटत नाही. लहान पाखरांना जी मोठी फळं गिळताच येत नाहीत, ती हा गिळतो. रानजायफळांच्या जाती त्यातल्याच. आपण मसाल्यात घालतो ती रामपत्री म्हणजे एका रानजायफळाच्या बीवरचं वेष्टन. अशा मोठ्या बियांची झाडं डोंगराच्या दुसऱ्या अंगाला जायची तर कुणी तरी उचलून न्यायला हवं. आईच्या झाडाखालीच पडलेली बी सावलीत नीट वाढत नाही. कवड्या धनेश तर काजऱ्याच्या फळाचा गरही खातो, ज्याच्या बिया आपल्याला विष. धनेश गेले तरी रान लगेच उजाड होणार नाही. आहेत ती झाडं उभी राहतील, पण मोठ्या बियांच्या झाडांना पुढची पिढी मिळणं कठीण होईल.

एक गैरसमज मात्र खोडून काढायला हवा, धनेशाच्या तेलाचा. सांधेदुखीवर, कंबरदुखीवर हे तेल म्हणे रामबाण. बाजाराच्या कडेला बाटल्या मांडून विकणारे भेटतात. बाटलीत नेमकं काय आहे हे विकणारालाच ठाऊक, आणि खरोखर धनेशाची चरबी असली तरी त्याने गुडघे बरे होतात याला आधार नाही. महाधनेश वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. वाघाला जो दर्जा, तोच याला. मारणं, बाळगणं, त्याचे अवयव विकणं हा गुन्हा आहे. गुडघे दुखत असतील तर दवाखान्यात जा.

महाधनेश फक्त आपलाच आहे असं नाही. सह्याद्रीत केरळपर्यंत तो आहे, ईशान्य भारतात आहे, पुढे थायलंड, मलेशिया, सुमात्रापर्यंत आहे. केरळ आणि अरुणाचल प्रदेश या दोन्ही राज्यांचा तो राज्यपक्षी. आपला राज्यपक्षी हरियाल, तोही फळंच खाणारा. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या बोधचिन्हावर महाधनेश आहे, कारण १८९४ ते १९२० अशी सव्वीस वर्षं विल्यम नावाचा एक महाधनेश त्यांच्या कचेरीत राहत होता. त्यांची इमारतही हॉर्नबिल हाऊस म्हणूनच ओळखली जाते. पण सगळीकडे जुनं रान कमी होत चाललं, आणि २०१८ पासून जगाच्या यादीत महाधनेश असुरक्षित म्हणून नोंदला गेला.

या कामात बायका पुढे आहेत, हे सांगायला आम्हाला विशेष आवडतं. थायलंडच्या पिलाई पूनस्वाद यांनी १९७८ मध्ये धनेशांचा अभ्यास सुरू केला. दक्षिण थायलंडच्या बुडो डोंगरात गावातलेच लोक ढोलीतून पिल्लं चोरून विकायचे. बाईंनी त्यांच्याशी भांडण मांडलं नाही. त्यांनाच घरट्यांच्या राखणीचं काम दिलं आणि शहरातल्या कुटुंबांना घरटी दत्तक घ्यायला लावून राखणदारांच्या पगाराची सोय केली. त्या लोकांनी ढोल्यांची दुरुस्तीही केली. लाकूड कुजत गेलं की ढोलीचा तळ खोल जातो आणि आत बसलेल्या मादीची चोच फटीपर्यंत पोचत नाही, मग तळात माती भरायची. इतकं साधं काम, पण झाडावर चढता येणाऱ्याला जमणारं.

आपल्याकडे अपराजिता दत्ता यांनी अरुणाचलात अशीच वाट धरली. तिथल्या न्यिशी समाजात पुरुषांच्या वेताच्या टोपीवर धनेशाची चोच लावायचा रिवाज आहे. त्यासाठी पाखरं मारली जात. आता पुष्कळ जण फायबरची चोच लावतात. रिवाजही राहिला, पाखरूही राहिलं. पक्के व्याघ्र प्रकल्पाभोवतीच्या गावांत २०११-१२ पासून घरटी दत्तक योजना चालते. गावातलेच लोक, त्यांतले काही पूर्वीचे शिकारी, पगार घेऊन घरट्यांवर नजर ठेवतात.

आता आपल्यापैकी कुणाला रानात ढोली दिसली तर ती वापरातली आहे का, हे कसं ओळखायचं? वर चढून बघायचं नाही. खाली बघायचं. धनेश राहत असेल तर फटीच्या बरोबर खाली विष्ठेचे पांढरे ओघळ आणि वेगवेगळ्या फळांच्या बिया पडलेल्या असतात. जुन्या ढोलीखाली तर रोपांची छोटी वाडीच उगवलेली दिसते. बिया ताज्या असतील तर ढोलीत कुणी तरी आहे असं समजायचं.

मग तिथून लांब व्हायचं. नर फार भित्रा असतो. झाडाखाली माणूस उभा दिसला की तो फळं गळ्यात घेऊन तासन्‌तास दूरच्या झाडावर बसून राहतो, आणि आत आई-पिल्लू उपाशी. हल्ली फोटो काढायला बाहेरून लोक येतात. आपल्यापैकी काही गट पाहुण्यांची राहण्या-जेवणाची सोय करतात. पाहुण्याने कितीही पैसे दिले तरी घरट्याखाली नेऊन उभं करू नये. फळलेलं उंबराचं किंवा वडाचं झाड दाखवावं, सकाळी लांबून. तिथे धनेश निवांत खाताना दिसतो, फोटोही चांगला येतो. शिकार, पिल्लांची चोरी किंवा चालू तोड दिसली तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. पैसे पडत नाहीत.

जूनपासून डिसेंबरपर्यंत ढोली उघडी, रिकामी दिसेल. लिंपण गळून पडलेलं असेल, आत कोळ्याची जाळी असतील. तेव्हा कुणी म्हणेल की इथे आता काही राहत नाही, घ्या तोडून. त्याला जानेवारीपर्यंत थांबायला सांगा.